फोटो सुधारा, पण मूळ प्रत जपा



नववीतला एक विद्यार्थी मागे माझ्याकडे आला होता. त्याने वडिलांच्या मोबाइलवर आपल्या आजीचा एक फार छान फोटो काढला होता. अंगणात तांदूळ निवडत बसलेली आजी, अंगावर सकाळचे कोवळे ऊन आणि चेहऱ्यावर हसू. तो फोटो त्याने शाळेच्या संगणकावर उतरवून घेतला, थोडा उजळ केला, नातेवाइकांना पाठवायला सोपे जावे म्हणून आकाराने लहान केला आणि त्याच नावाने साठवला. मोबाइलमधली प्रत जागा मोकळी करण्यासाठी आधीच पुसली गेली होती. वर्षभराने आजी वारली. घरच्यांना तो फोटो १० × १२ इंचांच्या चौकटीत भिंतीवर लावायचा होता. स्टुडिओवाल्याने फाइल उघडून पाहिली आणि मान हलवली. एवढ्या लहान फाइलवरून एवढा मोठा फोटो स्वच्छ निघणार नव्हता.

त्याने मला विचारले, "सर, फोटो पुन्हा पहिल्यासारखा करणारी चांगली आज्ञावली कोणती?"

संगणकाने काय करावे हे क्रमाने सांगणाऱ्या आज्ञांचा संच म्हणजे आज्ञावली, म्हणजेच सॉफ्टवेअर. फोटो सुधारण्याच्या आज्ञावल्या आज पुष्कळ आहेत. काही विनामूल्य, काही महाग. नवा कॅमेरा किंवा मोबाइल हातात आला की "यातली सर्वांत चांगली कोणती?" असा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. परंतु या प्रश्नाचे उत्तर देण्याआधी फोटो 'सुधारतो' म्हणजे नेमके काय होते, हे समजून घेतले पाहिजे. ते समजले की आज्ञावली कशी निवडावी हे तुमचे तुम्हांलाच ठरवता येईल.

फोटो म्हणजे आकड्यांचा तक्ता

१९५७ साली अमेरिकेतल्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्स या संस्थेत रसेल कर्श या शास्त्रज्ञाने आपल्या तान्ह्या मुलाचा एक लहानसा फोटो यंत्राच्या साहाय्याने संगणकात घातला. त्यासाठी फोटोचे १७६ आडवे आणि १७६ उभे, म्हणजे एकूण ३०,९७६ बिंदू पाडले होते. अशा प्रत्येक बिंदूला आपण आज पिक्सेल म्हणतो. छायाचित्राचे आकड्यांत रूपांतर झाले ते तेव्हापासून.

आजच्या साध्या मोबाइलच्या फोटोत ४००० × ३०००, म्हणजे १ कोटी २० लाख पिक्सेल सहज असतात. प्रत्येक पिक्सेलसाठी लाल, हिरवा आणि निळा या रंगांचे तीन आकडे लिहिलेले असतात. प्रत्येक आकडा ० ते २५५ यांपैकी एक असतो. तिन्ही ० असले तर काळा, तिन्ही २५५ असले तर पांढरा. २५६ × २५६ × २५६ असा गुणाकार केला तर १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ रंगछटा होतात.

आता आजीच्या फोटोकडे पुन्हा पाहू. मूळ फोटो ४००० × ३००० पिक्सेलचा होता. लहान केल्यावर तो ६४० × ४८० झाला, म्हणजे ३ लाख ७ हजार २०० पिक्सेल उरले. दर ३९ पिक्सेलमागे एक राहिला, बाकीचे गेले! कागदावर चांगला फोटो छापायचा तर दर इंचाला सुमारे ३०० पिक्सेल असावेत असा अंदाज धरतात. मूळ फाइलवरून १० × १२ इंचांचा फोटो अगदी स्वच्छ निघाला असता. लहान केलेल्या फाइलवरून मात्र सुमारे २ × १½ इंचांचा, आगपेटीहून जरासा मोठा, एवढाच फोटो तसा स्वच्छ निघतो.

तुम्ही म्हणाल, "आज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या जोरावर फोटो मोठा करून देणाऱ्या आज्ञावल्या आहेत की!" आहेत खऱ्या. परंतु गेलेले आकडे त्या परत आणत नाहीत. असंख्य इतर फोटोंवरून शिकून त्या मधल्या जागा अंदाजाने भरतात. चेहरा रेखीव दिसतो, पण डोळ्यांजवळची ती सुरकुती आजीची असेलच असे नाही.

सुधारणे म्हणजे बेरीज-वजाबाकी

फोटो उजळ करणे म्हणजे या आकड्यांत वाढ करणे. पावसाळ्यात सिंहगडावर काढलेला फोटो घ्या. गडाचा बुरूज काळपट आला आहे आणि मागे ढग आहेत. ढगांतल्या तीन शेजारच्या पिक्सेलचे आकडे २१०, २३० आणि २५० आहेत असे समजू. बुरूज नीट दिसावा म्हणून तुम्ही सगळ्या फोटोत ५० मिळवले. मग ढगांचे आकडे २६०, २८० आणि ३०० व्हायला हवेत. परंतु २५५ च्या पुढे आकडाच नाही! म्हणून तिन्ही २५५ होतात. ढगांचा आकार नाहीसा होऊन तिथे नुसता पांढरा पट्टा उरतो.

हा फोटो तसाच साठवला, दुसऱ्या दिवशी उघडला आणि ५० वजा केले, तर काय मिळेल? २०५, २०५ आणि २०५. आकाश पुन्हा करडे होईल, पण ढग परत येणार नाहीत.

भागाकाराचेही तसेच आहे. १०० आणि १०१ यांची निमपट केली आणि अपूर्णांक सोडून दिला, तर दोन्ही ५० होतात. त्यांची दुप्पट केली तर १०० आणि १००. म्हणजे २५६ पायऱ्यांपैकी १२८ च उरल्या. आकाशाच्या निळ्या रंगात हळूहळू होणारा बदल असा गेला की तिथे पट्टे दिसू लागतात.

यावरून एक मुख्य गोष्ट लक्षात येते. आज्ञावली कितीही महाग असो, फेकून दिलेला आकडा तिला परत आणता येत नाही. म्हणून "ही आज्ञावली काय काय करू शकते?" याच्या आधी "माझ्या मूळ आकड्यांचे ही काय करते?" असे विचारावे.

दोन प्रकारच्या आज्ञावल्या

जुन्या काळी फोटोग्राफर फिल्म धुऊन निगेटिव्ह तयार करीत आणि अंधाऱ्या खोलीत तिच्यावरून कागदावर फोटो काढीत. एखादा फोटो काळा आला तर तो कागद टाकून द्यावा आणि दुसरा घ्यावा. निगेटिव्ह मात्र पाकिटात जपून ठेवलेली असे. तिच्यावर कोणी रंग फासत नसे.

आजच्या आज्ञावल्यांचेही याच दृष्टीने दोन प्रकार पाडता येतात.

पहिल्या प्रकारातल्या आज्ञावल्या पिक्सेलचे आकडेच बदलतात. फोटोशॉप आणि गिंप या मुळात अशा आहेत. अर्थात त्यांतही सोय असते. मूळ चित्रावर पारदर्शक कागद ठेवावेत तसे थर, म्हणजे लेअर, ठेवून काम करता येते. फोटोशॉपमध्ये सुधारणेचा वेगळा थर ठेवता येतो. मार्च २०२५ मध्ये गिंपची ३.० ही आवृत्ती निघाली. तिच्यात बरेचसे परिणाम मूळ चित्र न बदलता वरून लावता येतात आणि नंतर काढूनही टाकता येतात.

दुसऱ्या प्रकारातल्या आज्ञावल्या मूळ फाइलला हातच लावत नाहीत. 'उजेड इतका वाढवा, डावीकडून इतके कापा' अशी कृती त्या वेगळी लिहून ठेवतात. पडद्यावर दिसते ते त्या कृतीचे फळ. लाइटरूम, डार्कटेबल आणि रॉथेरपी या अशा आज्ञावल्या आहेत. डार्कटेबल मूळ फाइलशेजारी एक लहानशी फाइल ठेवते. तिच्यात फक्त कृती असते. सहा महिन्यांनी मत बदलले तरी मूळ फोटो जागेवरच असतो. निगेटिव्ह पाकिटात जपण्याचाच हा नवा प्रकार होय.

जेपीईजी आणि रॉ

मघाचा १ कोटी २० लाख पिक्सेलचा फोटो सगळे आकडे लिहून साठवला, तर ३ कोटी ६० लाख बाइट, म्हणजे ३६ मेगाबाइट जागा लागेल. मोबाइलमधली फाइल मात्र ३ ते ५ मेगाबाइटची असते. मग बाकीचे कुठे गेले?

ही किमया जेपीईजी या पद्धतीची. १९९२ साली ती प्रमाण म्हणून ठरली. तिच्यात चित्राचे ८ × ८ पिक्सेलचे चौकोन करतात. प्रत्येक चौकोनातले ६४ आकडे संथ आणि जलद अशा ६४ लहरींच्या बेरजेच्या रूपाने मांडतात. फार जलद लहरींतला बारीक फरक आपल्या डोळ्यांना फारसा कळत नाही. म्हणून ते आकडे ढोबळ करतात किंवा सोडून देतात. या गणिताचा पाया घालणारे नासिर अहमद मूळचे बंगळूरचे. अमेरिकेत काम करीत असताना त्यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्याबरोबर १९७४ साली ही रीत प्रसिद्ध केली. आज तुम्ही मोबाइलवर पाहता त्या बहुतेक फोटोंत हे गणित दडलेले असते.

पाहण्यासाठी जेपीईजी उत्तम आहे. परंतु फोटोत बदल करून तो पुन्हा पुन्हा जेपीईजी म्हणून साठवला, तर दर वेळी थोडे थोडे गळत जाते.

काही कॅमेरे आणि बरेच मोबाइल 'रॉ' नावाच्या प्रकारातही फोटो साठवतात. रॉ म्हणजे कच्चा. कॅमेऱ्यातल्या संवेदकावर पडलेल्या प्रकाशाचे हे जवळजवळ जसेच्या तसे मोजमाप असते. जेपीईजीत प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, तर १२ बिटांच्या रॉ फाइलमध्ये ४,०९६ आणि १४ बिटांच्या फाइलमध्ये १६,३८४. त्यामुळे काळपट बुरूज उजळण्याला आणि ढग सांभाळण्याला पुष्कळ वाव राहतो. मात्र प्रकाश इतका तीव्र असेल की संवेदकच भरून वाहिला, तर रॉ फाइलमध्येही तिथे काही मिळत नाही. फोटो काढतानाच उजेडाकडे लक्ष द्यायचे ते यासाठी.

निवडीच्या पाच कसोट्या

आता निवडीकडे वळू. कोणतीही आज्ञावली घेताना पुढील पाच प्रश्न विचारा.

१. ती माझ्या संगणकावर चालेल का? एका फोटोला ३६ मेगाबाइट स्मृती लागते हे आपण पाहिले. प्रत्येक आकडा १६ बिटांचा घेतला तर ७२ मेगाबाइट. असे पाच थर ठेवले तर ३६० मेगाबाइट. जुन्या संगणकावर मोठी आज्ञावली घातली तर दर बदलाला वाट पाहावी लागेल आणि शिकण्याचा उत्साहच मावळेल.

२. मूळ फोटो सुरक्षित राहतो का? 'सेव्ह' म्हटल्यावर ती मूळ फाइलवरच लिहिते की वेगळी फाइल करते, हे आधी एखाद्या निरुपयोगी फोटोवर तपासा. गिंपमध्ये 'सेव्ह' केले की काम थरांसह तिच्या स्वतःच्या एक्ससीएफ या प्रकारात साठते. जेपीईजी हवी असेल तर 'एक्स्पोर्ट' असे वेगळे सांगावे लागते. नवशिक्याला हे आधी कटकटीचे वाटते, पण यातच त्याचे हित आहे.

३. ती आकडे दाखवते का? गणितात तुम्ही आयतालेख शिकला आहात. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत प्रत्येक पायरीवर किती पिक्सेल आहेत हे दाखवणारा आयतालेख चांगल्या आज्ञावलीत असतोच. त्याला हिस्टोग्राम म्हणतात. आलेख उजव्या भिंतीला टेकून उभा राहिला असेल तर उजळ भागातले काही तपशील गेले असे समजावे. डोळा फसतो, पडदा कमीजास्त उजळ असतो. पण हा आलेख फसवत नाही.

४. १६ बिटांत आणि रॉ फाइलवर काम करता येते का? आज तुम्हांला त्याची गरज नसेल, पण वर्षभराने लागेल. गिंपमध्ये २०१८ च्या २.१० या आवृत्तीपासून १६ आणि ३२ बिटांची सोय आहे. रॉ फाइल मात्र ती डार्कटेबल किंवा रॉथेरपी यांच्या मदतीने उघडते.

५. किंमत किती, आणि ती किती काळ द्यायची? फोटोशॉपच्या नव्या आवृत्त्या २०१३ पासून वर्गणीवर मिळतात. वर्गणी थांबली की काम थांबते. गिंप, डार्कटेबल आणि रॉथेरपी या मुक्त आज्ञावल्या आहेत. त्या विनामूल्य आहेत आणि मित्राला त्यांची प्रत देणे कायद्याला धरून आहे. महागड्या आज्ञावलीची चोरटी प्रत घेण्याचा मोह मात्र टाळा. ती चोरी तर आहेच. शिवाय अशा प्रतीबरोबर संगणकात काय काय शिरेल याचा नेम नाही.

मग कोणती घ्यावी?

तुमच्याजवळ फक्त मोबाइल असेल, तर स्नॅपसीडसारखी विनामूल्य आज्ञावली पुरेशी आहे. तिच्यात केलेले बदल पायरीपायरीने मागे जाऊन पाहता येतात. शाळेत किंवा घरी साधा संगणक असेल, तर गिंपपासून सुरुवात करा. कॅमेरा रॉ फोटो देत असेल आणि संगणक बऱ्यापैकी असेल, तर डार्कटेबल किंवा रॉथेरपी शिका. पुढे छायाचित्रण हाच व्यवसाय करायचे ठरले, तर छापखान्यात आणि स्टुडिओत फोटोशॉप, लाइटरूम यांच्याशी गाठ पडेल. तेव्हा त्या शिकायला वेळ लागणार नाही. कारण कापणे, तिरपेपणा काढणे, उजेड, रंगांचा समतोल आणि वक्ररेषेने छटा बदलणे या पाच-सहा क्रिया सगळीकडे त्याच आहेत. फक्त बटणांच्या जागा वेगळ्या असतात.

आणि हेही ध्यानात ठेवा की यांतल्या दोन आज्ञावल्यांची सुरुवात विद्यार्थ्यांनीच केली आहे. १९८७ साली मिशिगन विद्यापीठात संशोधन करणाऱ्या थॉमस नोल याच्या संगणकाचा पडदा करड्या छटा दाखवू शकत नव्हता. त्या दाखवण्यासाठी त्याने एक छोटी आज्ञावली लिहिली. भाऊ जॉन याच्या मदतीने ती वाढत गेली आणि १९९० साली फोटोशॉप म्हणून विक्रीला आली. गिंपची सुरुवात १९९५ साली बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी केली.

मूळ फोटो हा पुरावाही आहे

१९८२ च्या फेब्रुवारीत 'नॅशनल जिऑग्राफिक' मासिकाच्या मुखपृष्ठावर गिझाच्या पिरॅमिडांचा फोटो आला. आडवा फोटो उभ्या मुखपृष्ठात बसावा म्हणून संगणकाच्या मदतीने दोन पिरॅमिड एकमेकांच्या जवळ सरकवले होते! त्यावरून मोठा वाद झाला. फोटोवर वाचकांचा विश्वास असतो, त्याला तडा गेला होता.

तुम्ही विज्ञान प्रदर्शनासाठी बुरशीचा, फुलपाखराचा किंवा चंद्राचा फोटो काढाल, तेव्हा हे आठवा. सगळ्या फोटोचा उजेड सारखा वाढवणे योग्य आहे. नको असलेला डाग पुसणे किंवा नसलेला तारा घालणे ही लबाडी आहे. केलेला बदल फोटोखाली लिहावा, आणि कोणी विचारले तर दाखवता यावी म्हणून मूळ फाइल जवळ ठेवावी. प्रयोगवहीत जे नियम, तेच इथेही.

करून पाहा

प्रयोग १ : एका फोटोची प्रत करा, मूळ फोटो वापरू नका. प्रत गिंपमध्ये उघडा. 'लेव्हल्स' मध्ये खालच्या पट्टीची वरची मर्यादा २५५ वरून १२७ वर आणा. फोटो काळवंडेल. तो पीएनजी या प्रकारात साठवा. या प्रकारात आकडे गळत नाहीत. फाइल बंद करून पुन्हा उघडा आणि या वेळी वरच्या पट्टीची मर्यादा १२७ करा. फोटो पहिल्यासारखा दिसेल. आता हिस्टोग्राम पाहा. त्यात कंगव्याच्या दातांसारख्या फटी दिसतील. त्या फटी म्हणजेच गेलेल्या पायऱ्या.

प्रयोग २ : दुसऱ्या एका प्रतीत थोडा बदल करा, कमी दर्जाची जेपीईजी म्हणून साठवा, बंद करा, उघडा. असे दहा वेळा करा. मग मूळ फोटो आणि दहावी प्रत शेजारीशेजारी मोठी करून पाहा. ८ × ८ चे चौकोन कुठे सर्वांत स्पष्ट दिसतात, ते वहीत लिहा.

प्रश्न : ६००० × ४००० पिक्सेलच्या फोटोला प्रत्येक आकडा ८ बिटांचा धरल्यास किती मेगाबाइट जागा लागेल? दर इंचाला ३०० पिक्सेल या हिशेबाने तो जास्तीत जास्त किती मोठा छापता येईल?

शिक्षकांना विनंती : शाळेच्या संगणकावर 'मूळ फोटो' नावाचा एक वेगळा फोल्डर करावा आणि त्याची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवावी. सहलीचे, स्नेहसंमेलनाचे फोटो आधी तिथे जावेत. सुधारणे, लहान करणे नंतर आणि केवळ प्रतीवर.

त्या विद्यार्थ्याच्या घरी आजीचा फोटो आहे, पण तो देवघराशेजारी ठेवलेल्या एका लहानशा चौकटीत. आता तो आपल्या धाकट्या बहिणीला गिंप शिकवतो. पहिल्या दिवशी त्याने तिला एवढेच शिकवले : आधी प्रत करायची, मग फोटो उघडायचा.